सदतीस नंबरची मागची चाकं

ट्रक शेजारून गेला आणि गाडी फूटभर डावीकडं सरकली. एल्डन मामानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं, गाडी परत ओळीत आणली आणि तोंडातल्या तोंडात एक चेक शिवी घातली. शिवी आजोबांची. मामाला चेक भाषेतलं तेवढंच येतं.

"आज वारा सुटलाय वाटतं," तो म्हणाला.

"हो ना. वारा आहे," लिबी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बाहेर दोन्ही बाजूंना मका उभा होता, पार वाळलेला, कापणीला आलेला. त्याचं एक पान हलत नव्हतं.

लिबीचा उजवा गुडघा मात्र थांबत नव्हता. आई म्हणते, ह्या गुडघ्यानंच तुला शाळेतून बाहेर काढलं. ते काही खरं नाही. शाळा लिबीनं स्वतः सोडली, जानेवारीत, गणिताच्या मास्तरच्या टेबलावर पुस्तक आपटून. तेव्हापासून ती विल्बर गावातल्या टायरच्या दुकानात आहे. चाकं काढते, घालते, आणि अलाइनमेंटच्या मशीनवर तर तिचा हात मालकापेक्षा बरा चालतो. सतरा वर्षांची पोरगी, पण गाडी दुकानात शिरतानाच सांगते कुठलं चाक कुठं बघतंय.

ह्या गाडीची मागची चाकं कुठं बघतायत ते तर तिला पक्कं ठाऊक होतं. शुक्रवारी दुपारी मालक जेवायला गेला तेव्हा तिनंच फिरवली होती. बाहेरच्या बाजूला. केसभर.

गाडी मामाची. निळी मियाटा, दोन सीटची, वर कापडी छप्पर, वय लिबीपेक्षा जास्त. सोमवार ते शुक्रवार मामा ती घेऊन धान्याच्या कोठारावर जातो, तिथं तो वजनकाटा सांभाळतो. आणि महिन्यातून एका रविवारी हीच गाडी साठ मैलांवरच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर जाते. तिथं शर्यतीच्या क्लबचे लोक सिमेंटवर नारिंगी शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एकेक गाडी घड्याळाशी शर्यत लावते. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. दोन सेकंद म्हणजे मेलात.

गेल्या मोसमापासून एकाच गाडीवर दोघं शर्यतीत उतरतात. मामाचा नंबर सदतीस, लिबीचा एकशे सदतीस. मामा उतरून लिबी बसली की दारावरच्या ३७ च्या आधी पांढऱ्या चिकटपट्टीचा १ लावायचा, ती उतरली की काढायचा. गाडी मामाची, म्हणून पहिला मान त्याचा. लिबी कायम दुसरी. आणि कायम अर्ध्या सेकंदानं मागं.

"गाडी नाक वळवत नाही, मामा," ती उन्हाळाभर सांगत होती. "मागचं जरा मोकळं कर. शेपूट फिरली तर नाक आपोआप वळेल."

"आणि सोमवारी पावसात कामाला कोण नेणार ही शेपूट? तू?"

"केसभर फक्त!"

"तू टायर शिकलीस, लिबी. रस्ता शिकली नाहीस अजून."

हे वाक्य तिच्या डोक्यात महिनाभर माशीसारखं फिरत होतं. म्हणून शुक्रवारी तिनं विचारलं नाही. केलं. बेत साधा होता: रविवारी मामा चालवेल, गाडी कशी झर्रकन वळते बघून चाट पडेल, आणि मग ती सांगेल. बघ, कोण म्हणत होतं?

पण हायवेवर मामा चाट-बिट काही पडलेला दिसत नव्हता. तो नुसता घामाघूम होऊन गाडी सांभाळत होता. सांगायला हवं होतं तेव्हाच. एक मैल गेला, पाच गेले, आणि मग सांगायची वेळच निघून गेली. असं तिला वाटलं.

धावपट्टीवर पोचले तेव्हा श्वासाची वाफ दिसत होती. सप्टेंबर संपत आलेला, मोसमाची शेवटची शर्यत. मॅक्सीनबाई घड्याळाच्या ट्रेलरसमोर हातात कॉफीचा जाड कप धरून उभ्या होत्या. बाईंनी तीस वर्षं शाळेची बस चालवली, आता क्लब चालवतात, आवाज तोच.

"एल्डन! उशीर! गाडीतून सगळं सामान बाहेर काढ, चाकांचे नट बघू दे. लिबी, तू काय खाल्लंस? तोंड बघ कसं झालंय."

"झोप नाही झाली."

"शाळा सोडून झोप नाही? मग सोडली कशाला?"

एरवी लिबीनं फाडकन उत्तर दिलं असतं, आज ती वाकून सामान बाहेर काढायला लागली.

दोघं शंकूंमधून पायी फिरून आले. मामा प्रत्येक वळणाला थांबून हातानं हवेत स्टिअरिंग फिरवतो, लिबी पुढं पळते आणि परत येते. तिसऱ्या दारापाशी तो म्हणाला, "इथं धीर धर. सगळे इथं घाई करतात." दार म्हणजे समोरासमोरचे दोन शंकू. त्यांच्यामधून जायचं, आणि लगेच डावीकडं.

सकाळी त्यांचाच गट पहिला होता. तीन फेऱ्या सकाळी, तीन दुपारी, सगळ्यात कमी वेळ धरायची. तुमचा गट धावत नसेल तेव्हा तुम्ही मैदानात उभं राहून पडलेले शंकू उचलायचे. दुसऱ्याचे दंड आपणच सांगायचे. ह्या लोकांचा सगळा कारभार त्यावरच.

मामानं हेल्मेट घातलं. हिरवा झेंडा पडला. पहिलं दार बरोबर, दुसरं बरोबर. तिसऱ्या दारापाशी त्यानं धीर धरला, नेहमीसारखा पाय जरा उचलला, आणि मागची चाकं त्याला न विचारता पुढं निघाली. गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरली. चार शंकू उडाले. इंजिन बंद पडलं, आणि मामा आल्या दिशेला तोंड करून बसलेला. धुराचा एक पट्टा त्याच्यावरून हळूच गेला.

वीस वर्षांत कुणी एल्डन कुचेराला फिरलेला बघितला नव्हता. टाळी वाजवावी की नाही ते लोकांना कळेना.

आणि लिबीला त्या क्षणी कळलं आपण काय केलंय. टायर थंड होते. पहिल्यानं उतरतो तो थंड टायरवर चालवतो. दुसऱ्याला ते चांगले शेकलेले मिळतात. तिनं जो काही हिशेब केला होता तो गरम टायरचा, कारण आयुष्यात तिनं थंड टायरवर कधी चालवलंच नव्हतं.

मामा गाडी घेऊन परत आला आणि उतरला. लिबीनं दारावर १ चिकटवला. आता सांग, आत्ताच सांग. पण मागून झेंडेवाला ओरडला, "एकशे सदतीस, चल चल चल!" आणि ती बसली.

आणि काय सांगू, गाडी अशी वळली! नुसता विचार करायचा, की नाक तिकडं. तिसऱ्या दाराला शेपूट हलली, पण टायरला आता ऊब होती, त्यांनी सिमेंट धरून ठेवलं. एक्केचाळीस पॉइंट सहा. आयुष्यात तिची अशी वेळ आली नव्हती.

दुसऱ्या फेरीला मामा अंड्यांवरून चालल्यासारखा गेला. सेहेचाळीस. तिसरीला चव्वेचाळीस आणि वर दोन शंकू. लिबी शेवटी एक्केचाळीस पॉइंट दोन. गाड्यांच्या त्या वर्गात पहिली.

ब्रेंट तिच्या पाठीवर थाप मारून गेला. तो फवारणीची यंत्रं विकतो आणि अशीच एक लाल गाडी पळवतो. "काय पोरगी आहे रे! एल्डन, आता तू डबा सांभाळ आणि चष्मा बदल."

"तू आधी तुझे टायर बदल," लिबी खेकसली. "सायकलचे लावलेस का?"

"बापरे! जिंकूनपण चावते ही!"

मामा हसला. त्या हसण्यात ताकद नव्हती.

मग त्यांच्या गटानं शंकू उचलायचं काम केलं आणि जेवणाची सुट्टी झाली. लिबीच्या आईनं रन्झा दिले होते, कोबी आणि खिमा भरलेले पाव, अजून कोमट. लिबीनं एक चावा घेतला आणि खाली ठेवला. उठली, गाडीला एक चक्कर मारली, परत बसली, परत उठली.

"बस की जरा," मामा म्हणाला. तो बर्फाच्या पेटीवर बसला होता, दोन्ही हात समोर पसरून. "परवा काट्यावर मी सहाचा आठ वाचला. ट्रकवाल्यानं सांगितलं म्हणून कळलं."

"सगळेच चुकतात."

"आज सकाळी हायवेवर सरळ चालवता येईना मला. सरळ! मग इथं फिरलो. का फिरलो तेच कळलं नाही बघ. मी काहीच वेगळं केलं नव्हतं." त्यानं हात उलटे केले. "बाबांचंही असंच झालं. आधी कळेनासं होतं का चुकलं. मग चुकलं हेच कळेनासं होतं."

"मामा, तू अठ्ठावन्न वर्षांचा आहेस."

"ते बावन्नचे होते." तो उठला, दारापाशी गेला आणि नंबरावर बोट ठेवलं. "तो पुढचा एक काढून टाक. सदतीस आता तुझा. मॅक्सीनला सांगून येतो, दुपारी मी उतरत नाही. पुढच्या वर्षीच्या यादीतूनही नाव काढायला सांगतो."

हेच तर तिला हवं होतं. दोन वर्षं, रात्रंदिवस. पहिलं बसायचा मान, साधा सदतीस, गाडी आपल्या मनासारखी. आणि ते तो आपण होऊन देत होता. तोंड बंद ठेवायचं, बास. बोलण्याइतकंसुद्धा काम नव्हतं.

मामा ट्रेलरकडं निघाला. दगड टोचत असल्यासारखा चालत होता. लिबीनं १ ची पट्टी ओढून काढली. ती तिच्या अंगठ्याला चिकटली, झटकली तर दुसऱ्या बोटाला चिकटली. तिचं डोकं फिरलं. ती धावत सुटली.

"मामा! थांब! ए मामा!"

तो मॅक्सीनबाईंपासून दहा पावलांवर होता.

"तुझे हात ठीक आहेत. डोळे पण. मी केलंय." ती ओरडतच होती, जणू चूक त्याचीच. "मागची चाकं मी बाहेर फिरवलीत! शुक्रवारी, दुकानात! थंड टायरवर कुणीही फिरलं असतं. मी पण फिरले असते!"

मामा वळला. मॅक्सीनबाईंनी कॉफीचा कप खाली घेतला.

"किती?" त्यानं विचारलं.

"केसभर."

"मशीन किती म्हणालं ते विचारतोय."

"दोन्हीकडं मिळून एक अष्टमांश इंच."

"साठ मैल," मामा म्हणाला.

"काय?"

"साठ मैल आणली मी ही गाडी, पंचाहत्तरच्या वेगानं. ट्रक गेला तेव्हा मी काय म्हणालो?"

लिबीनं खाली बघितलं.

"काय म्हणालो, लिबी?"

"वारा सुटलाय."

"आणि तू काय म्हणालीस?"

शर्यतीबद्दल तो ओरडला असता तर तिनंही उलट चार सुनावले असते, ती त्यात पटाईत होती. पण तो शर्यतीबद्दल बोलतच नव्हता.

"शेजारी तूच बसली होतीस ना? त्या सीटवर? स्वतःच्या जिवाचं तरी काही आहे का नाही?" त्यानं टोपी काढली, परत घातली. "जॅक काढ."

गाडी उचलली. जुनी खूण लिबीनं पांढऱ्या रंगानं करून ठेवली होती, दुकानाची सवय. बोल्ट सैल करून खुणेवर आणायचा, दोन्हीकडं, पंधरा मिनिटांचं काम. तिनं पान्यानं बोल्ट घट्ट केले आणि म्हणाली, "झालं."

"सुतळी आण."

"मामा, खूण आहे की!"

"खूण तू केलीस. सुतळी मी धरणार."

मग गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर सुतळी ताणली, चार स्टँडवर. मामा गुडघे टेकून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंत पट्टी लावत होता, मोठ्यानं आकडे वाचत होता, आणि लिबी लिहीत होती. ब्रेंट येऊन उभा राहिला.

"काय रे, मोजमाप? नवीन कपडे शिवताय का गाडीला?"

"जा ना तू," लिबी म्हणाली.

"बरोबर आहे," मामा शेवटी म्हणाला. आकडा नीट वाचला होता त्यानं. तिनं मुद्दाम परत बघितला होता. सोळाचा सोळा.

तो उठला, गुडघे झटकले. "दुपारी तू बसायचं नाहीस."

"पण माझ्या तीन फेऱ्या..."

"सकाळची वेळ तुझी आहे. नियमात आहे, कुणी काढून घेणार नाही, मीपण नाही. पण ह्या गाडीत आज तू परत बसून शर्यत करायची नाहीस. मॅक्सीनला चौथ्या कोपऱ्यावर माणूस कमी आहे. शंकू उचल जा."

लिबीला पाना फेकावासा वाटला. तिनं तो पेटीत ठेवला, जागेवर, आणि गेली.

चौथ्या कोपऱ्यावर ऊन होतं आणि आता खरंच वारा होता. तिच्या हातात लाल झेंडा, कमरेला रेडिओ. ब्रेंटच्या गटाच्या फेऱ्या दुपारी आधीच उरकल्या होत्या, म्हणून त्यालाही तिथंच पाठवलेलं. दोघं बोलत नव्हते. गाडी आली की शंकूंकडं बघायचं, गाडीकडं नाही. पोरगी शिकली होती ते.

मामाची पहिली फेरी आली. लिबीनं शंकूंकडं बघायचं सोडून गाडीकडं बघितलं. तिसरं दार, पाय उचलला, धीर धरला, आणि मागची चाकं मुकाट मागं आली. रेडिओवर मॅक्सीनबाई म्हणाल्या, "सदतीस, बेचाळीस पॉइंट नऊ, स्वच्छ." थंड टायरवर, बेचाळीस नऊ. हात कुठं बिघडलेत त्याचे?

दुसरी, एक्केचाळीस पॉइंट आठ.

"म्हातारा उठला की," ब्रेंट म्हणाला. "सकाळी काय झालं होतं त्याला?"

"मी झाले होते," लिबी म्हणाली. तो हसला. विनोद वाटला त्याला.

तिसरी, शेवटची. आवाजावरूनच कळलं की मामा आज काही राखून ठेवत नाहीये. तिसऱ्या दारातून गाडी सुसाट निघाली. मग चौथा कोपरा, तिचा कोपरा. निळी गाडी तिच्यासमोरून सपकन गेली, मागच्या चाकाचा गाल शंकूला घासला, आणि शंकू डुलला. डुलत डुलत सरकला. उभाच राहिला.

"सदतीस, चाळीस पॉइंट नऊ!" रेडिओ ओरडला. "चौथा कोपरा, काही आहे का? चौथा?"

चाळीस नऊ. तिच्यापेक्षा तीन दशांश कमी. लिबी धावत शंकूपाशी गेली आणि गुडघ्यावर बसली. शंकूभोवती खडूची चौकट असते. उभा असेल आणि चौकटीला कुठंतरी टेकलेला असेल तर दंड नाही. बाहेर असेल तर दोन सेकंद.

ब्रेंट मागून वाकला. "टेकलाय की. सोड."

तिनं शंकूच्या बुडाशी आणि खडूच्या रेघेमध्ये करंगळी घातली. गेली.

"टेकलाय म्हणतो ना! आणि ऐक, तू सांगितलंस तर तूच जिंकतेस. लोक काय म्हणतील? मामाचा शंकू भाचीनं धरला!"

ते तिच्याही डोक्यात आलं होतं. न सांगावं तर मामा जिंकतो, आणि सकाळचं सगळं फिटतं. फिटल्यासारखं तरी दिसतं. तिनं परत करंगळी घातली. परत गेली. आज एकदा ती गप्प बसली होती, साठ मैल.

तिनं रेडिओ तोंडाशी धरला. "चौथा. सदतीसला एक. चौकटीच्या बाहेर."

"नक्की, लिबी?"

"करंगळी जातीये मध्ये. बाहेर आहे."

रेडिओ खरखरला. "सदतीस, बेचाळीस पॉइंट नऊ," मॅक्सीनबाई म्हणाल्या. "पुढची गाडी सुटली, कोपरा मोकळा करा."

लिबीनं शंकू उचलून चौकटीत ठेवला, ठोकून बसवला आणि पळाली.

सगळं आवरल्यावर ती ट्रेलरपाशी आली. बक्षीस म्हणजे एक कॉफीचा कप. तिनं तो घेतला आणि कुणाकडंही न बघता पेटीत चेंडूसारखा टाकला. मामा टेबलावर वाकून पुढच्या वर्षीची यादी भरत होता.

"उभा होता ना तो?" त्यानं न वळताच विचारलं.

"उभाच. पण बाहेर."

"मला वाटलंच, घासला." त्यानं सदतीससमोर स्वतःचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात. खालची एकशे सदतीसची ओळ कोरी होती. पेन तिथं थोडा वेळ थांबलं आणि मग त्यानं ते खाली ठेवलं.

"मामा, माझं..."

"आत्ता विचारू नकोस. अजून राग आहे मला. खूप आहे." त्यानं हेल्मेट तिच्या हातात दिलं. "यादी मार्चपर्यंत उघडी असते. चल, चाकांची हवा बघ, घरी जायचंय."

लिबी हवा बघायला वाकली. एकेक चाक. मागची दोन तिनं दोनदा बघितली.